बाळाची पहिली शिदोरी
(वार, आईचा आहार आणि अपुऱ्या दिवसांचा जन्म)



दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा येतो. त्यात वारेचे नाव येते, परीक्षेपुरती व्याख्या पाठ होते आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. गावातही वारेची गत तीच. बाळ जन्मले की सगळ्यांचे डोळे बाळाकडे. "वार नीट पडली का?" एवढी एकदा चौकशी होते आणि मग ती पुरून टाकतात. या अंकात आम्ही विज्ञानाचे शिक्षक या दुर्लक्षित अवयवाविषयी लिहीत आहोत. बाळ वेळेआधी का जन्मते, या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा वारेत आहे आणि वारेचा धागा आईच्या ताटात आहे. हे ताट भरायला आपण सातव्या महिन्यात सुरुवात करतो. खरे तर ते आठवी-नववीच्या वर्गापासून भरायला हवे. हीच गोष्ट आज समजून घेऊ.

अपुरे दिवस म्हणजे किती?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले तर गरोदरपण साधारण ४० आठवड्यांचे असते. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. म्हणजे दर दहा बाळांमागे एक. त्यांपैकी सुमारे ३० लाख एकट्या भारतात जन्मली, आणि हा आकडा कोणत्याही एका देशातला सर्वांत मोठा होता. पाच वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आज हेच आहे. अशा बाळाची फुप्फुसे पुरती तयार नसतात, अंगात ऊब टिकत नाही, दूध ओढण्याची ताकद नसते. योग्य उपचार मिळाले तर यांतली बरीच बाळे वाचतात, वाढतात. आपल्या वर्गातही अशी मुले-मुली असतील आणि शेजारी बसणाऱ्याला ते कळतही नसेल.

अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे एकच एक कारण नाही. जंतुसंसर्ग, जुळी बाळे, आईचे फार कमी वय, दोन बाळंतपणांतले थोडे अंतर, रक्तक्षय, मधुमेह, तंबाखू, वाढलेला रक्तदाब अशी अनेक कारणे आहेत. कित्येकदा कारण सापडतच नाही. म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. ज्या घरात असे बाळ जन्मले, त्या घरात आईला बोल लावू नये. पुढे जे लिहिले आहे ते कुणाला दोष देण्यासाठी नाही, पुढच्या पिढीच्या तयारीसाठी आहे.

वार काय काम करते?

पूर्ण दिवसांची वार म्हणजे सुमारे अर्धा किलो वजनाची, भाकरीसारखी गोल, चपटी चकती. ती एका बाजूने गर्भाशयाला चिकटलेली असते आणि दुसऱ्या बाजूने नाळेने बाळाशी जोडलेली असते. आईचे रक्त आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोघांच्या मध्ये वारेचा पातळ पडदा असतो आणि त्यातून प्राणवायू, साखर, प्रथिनांचे घटक, क्षार, जीवनसत्त्वे पलीकडे जातात. बाळाच्या अंगातली घाण उलट वाटेने आईकडे येते. म्हणजे फुप्फुस, आतडे आणि मूत्रपिंड या तिघांची कामे वार एकटी करते. शिवाय गरोदरपण टिकवणारी संप्रेरकेही तीच तयार करते.

पुष्कळांना वाटते की वार आईच्या शरीराचा भाग आहे. तसे नाही. ज्या एका पेशीपासून बाळ तयार होते, त्याच पेशीच्या वंशातून वारही तयार होते. पहिल्या काही आठवड्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या अरुंद, पिळदार रक्तवाहिन्या रुंद करून घेतात. शेतात पाणी सोडण्याआधी पाट रुंद करावा तसेच हे काम. साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत ते आटोपते. पाट अरुंदच राहिला तर बाळाला रक्त कमी पडते. त्याची वाढ खुंटते. काही वेळा आईचा रक्तदाब वाढतो आणि तिच्या शरीरातील इतर अवयवांवरही ताण येतो. या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. मग आई आणि बाळ दोघांचा जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना वेळेआधीच प्रसूती करावी लागते. आजार दिसतो सातव्या-आठव्या महिन्यात, पण त्याचा पाया पहिल्या तीन-चार महिन्यांत पडलेला असतो.

पुस्तक एकच, खुणा वेगळ्या

आता थोडा अवघड भाग. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए सारखाच असतो. तरी डोळ्याची पेशी वेगळी, यकृताची वेगळी, वारेची वेगळी. असे कसे?

तुमच्या सगळ्यांचे पाठ्यपुस्तक एकच असते. परीक्षेआधी बाई पेन्सिलीने खूण करायला सांगतात, "हा धडा वाचा, तो धडा सध्या सोडा." पुस्तकातला एकही शब्द बदलत नाही, पण कोणते धडे वाचले जातील हे त्या खुणांवर ठरते. पेशीही डीएनएवर अशाच रासायनिक खुणा करते. त्यांतली एक महत्त्वाची खूण म्हणजे मेथिल गट. कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे तीन अणू यांचा हा लहानसा गट. तो जनुकाच्या सुरुवातीला जोडला गेला की बहुधा ते जनुक गप्प बसते. अशा खुणांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. गरोदरपण पुढे सरकते तशा वारेतील खुणाही बदलत जातात. खुणा योग्य जागी पडल्या तर पाट रुंद करण्याची, अन्न पलीकडे नेण्याची जनुके योग्य वेळी चालू आणि बंद होतात.

या पेन्सिलीला शिसे कुठून मिळते? अन्नातून. मेथिल गट तयार करून फिरवण्याच्या साखळीत फोलेट आणि ब-१२ ही दोन जीवनसत्त्वे लागतात. फोलेट पालेभाज्या आणि कडधान्यांत असते. ब-१२ दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असते, भाजीपाल्यात जवळपास नसते. दोघांपैकी एक कमी पडले तरी साखळी अडते आणि रक्तात होमोसिस्टीन नावाचा घटक साचतो.

ताटातील कमतरतेची नोंद किती काळ राहते, याचे उदाहरण हॉलंडचे आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धात तिथे भीषण उपासमार झाली. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांची तपासणी सुमारे साठ वर्षांनी झाली आणि निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. वाढीशी संबंधित एका जनुकावर त्यांच्या अंगी मेथिलच्या खुणा त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा कमी होत्या. ज्यांच्या आयांना उपासमार गरोदरपणाच्या शेवटी सोसावी लागली, त्यांच्यात हा फरक दिसला नाही. सुरुवातीचे दिवस किती मोलाचे, ते यावरून कळते.

मुंबईच्या गिरण्या आणि पुण्याजवळची सहा गावे

फोलेटचा शोध आपल्या मुलखाशी जोडलेला आहे. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होत असे. स्वस्तातला यीस्टचा अर्क दिला की तो बरा होतो, हे त्यांनी दाखवले आणि १९३१ साली ते प्रसिद्ध केले. त्या अर्कात जो अज्ञात घटक होता, तोच पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. १९४१ साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. पानाला लॅटिन भाषेत फोलियम म्हणतात, म्हणून हे नाव.

पुढचा धडा पुण्याचा. १९९३ साली के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने, पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या मातांचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होते. ज्या स्त्रिया पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार घेत होत्या, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. पाणी भरणे आणि शेतीची जड कामे ज्यांना जास्त करावी लागली, त्यांची बाळे तुलनेने लहान होती. म्हणजे प्रश्न फक्त ताटाचा नाही, डोक्यावरच्या घागरीचाही आहे.

याच अभ्यासात आढळले की दर तीन मातांमागे सुमारे दोघींच्या रक्तात ब-१२ कमी होते. फोलेट मात्र जवळजवळ सगळ्यांत पुरेसे होते. ज्यांच्यात फोलेट जास्त आणि ब-१२ कमी, त्यांच्या मुलांच्या शरीरावर सहाव्या वर्षी इन्सुलिनचा परिणाम सर्वांत कमी होत असल्याचे दिसले. मधुमेहाकडे जाणारी ही वाट आहे. यावरून कुणी फोलिक ॲसिडची गोळी बंद करू नये. बाळाच्या मेंदूतील आणि मणक्यातील जन्मजात दोष टाळायला ती लागतेच. बोध इतकाच की जोडीतले दुसरे चाकही हवे. म्हणूनच २०१२ पासून त्या गावांत वाढलेल्या मुलामुलींना, ती आईबाप होण्याआधीच, रोज ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग झाला.

पुण्यातच भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत डॉ. साधना जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या आणि प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या मातांच्या वारा तपासल्या. फोलेट, ब-१२ आणि डीएचए नावाचे स्निग्धाम्ल ही तिन्ही एकाच साखळीत गुंतलेली आहेत, अशी त्यांची मांडणी आहे. डीएचए कमी पडले तर त्याच्यासाठी खर्च व्हायचे मेथिल गट डीएनएकडे वळतात आणि खुणा नको तिथे पडतात, असे त्या सांगतात. डीएचए माशांतून थेट मिळते. जवसाच्या चटणीतून त्याचा कच्चा माल मिळतो, पण शरीर त्यातून थोडेच डीएचए बनवू शकते.

आपल्या बेळगावात काय शोधले?

हे सगळे दूरचे वाटू नये. या विषयावर जगभर वाचले जाणारे काही निष्कर्ष आपल्या जिल्ह्यातील आयाबहिणींनी भाग घेतल्यामुळे मिळाले आहेत. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने परदेशी संस्थांसह हे अभ्यास केले.

पहिला अभ्यास भारत, पाकिस्तान, ग्वाटेमाला आणि काँगो या चार देशांचा. भारताचे ठिकाण बेळगाव. काही स्त्रियांना गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधीपासून पोषक पूरक आहार दिला, काहींना बाराव्या आठवड्याच्या सुमारास सुरू केला आणि काहींना दिला नाही. २०१९ साली निष्कर्ष आले. आधीपासून आहार घेतलेल्यांची बाळे, न घेतलेल्यांच्या बाळांपेक्षा सरासरी सुमारे ५ मिलिमीटर लांब आणि सुमारे ९० ग्रॅम वजनदार होती. बाराव्या आठवड्यापासून घेतलेल्यांनाही बराच लाभ झाला.

दुसरा अभ्यास सहा देशांतील ११,९७६ पहिलटकरणींचा. त्यात बेळगाव आणि नागपूर होते. चौदावा आठवडा लागण्याआधी रोज ॲस्पिरिनची लहान मात्रा सुरू केली. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचे प्रमाण १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०२० चे. ही गोळी कुणाला द्यायची हे डॉक्टर ठरवतात. कुणीही मनाने घेऊ नये.

तिसरा अभ्यास डीएचएचा. बेळगावात ९५७ गरोदर स्त्रियांपैकी निम्म्या जणींना रोज ४०० मिलिग्रॅम डीएचए दिले, निम्म्यांना दिसायला तशीच पण डीएचए नसलेली गोळी दिली. वर्षाच्या बाळांचा विकास तपासला तर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. याउलट, जगभरच्या अनेक प्रयोगांचा २०१८ साली एकत्र आढावा घेतला तेव्हा अशा स्निग्धाम्लांमुळे अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती काहीशा कमी होतात असे दिसले. विद्यार्थ्यांनो, विज्ञान असे चालते. "फरक आढळला नाही" हेही उत्तरच असते आणि ते लपवायचे नसते. एका गोळीने सगळे साधत नाही, हा या उत्तराचा अर्थ.

निपाणीची तंबाखू

आपल्या सीमाभागात आणखी एक विषय टाळून चालणार नाही. निपाणीची ओळख तंबाखूच्या पेठेची. तिथल्या तंबाखू कामगार बायकांनी हक्कांसाठी संघटना बांधली, त्यांच्यावर १९८२ साली माहितीपटही निघाला. त्या कष्टांबद्दल आदर ठेवूनच हे सांगायचे आहे. अनेक घरांत बायका भाजलेल्या तंबाखूची मिश्री दाताला लावतात. सिगारेट ओढणे वाईट म्हणणाऱ्या घरांतही मिश्रीला कुणी व्यसन मानत नाही. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखी, धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरले आणि त्यांची प्रसूती सरासरी सहा दिवस आधी झाली. फार लवकर होणाऱ्या प्रसूतींचा धोका तर कितीतरी पटींनी जास्त होता. तंबाखूतील निकोटीन वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळते. धूम्रपान करणाऱ्या मातांच्या वारेतील मेथिलच्या खुणा बदललेल्या असतात, हेही अनेक देशांत दिसले आहे. ओल्या तंबाखूची पाने हाताळताना निकोटीन कातडीतूनही अंगात जाते. गरोदर बाईला या कामापासून दूर ठेवणे ही घरच्यांची आणि मालकाची जबाबदारी आहे.

सातव्या महिन्याचे डोहाळेजेवण

आपल्याकडे गरोदर सुनेचे कौतुक होते. ओटी भरतात, सातव्या महिन्यात डोहाळेजेवण करतात, पंचपक्वान्ने वाढतात. रीत चांगलीच आहे. पण वर पाहिल्याप्रमाणे वारेचे मूळ काम तोवर आटोपलेले असते. पहिल्या सहा-सात आठवड्यांत तर दिवस गेल्याचे पुष्कळ जणींना कळतही नाही. त्या वेळी वारेला जे मिळते ते मुलीने आधीच्या काही वर्षांत अंगात साठवलेले असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे शिदोरी बांधायच्या वेळी डबाच अर्धा रिकामा. त्यात लग्न लवकर झाले तर मुलीची स्वतःची वाढ आणि बाळाची वाढ एकाच ताटावर चालते.

काय करता येईल?

विद्यार्थिनींनो, उपाशीपोटी शाळेत येऊ नका. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्या, ती पिशवीत तशीच ठेवू नका. मळमळ झाली तर बाईंना सांगा. जंताची गोळीही वेळेवर घ्या. गोळीनंतर लगेच चहा पिऊ नका, चहामुळे लोह कमी शोषले जाते. लिंबू, आवळा, पेरू यांमुळे ते जास्त शोषले जाते. शाळेत मिळणारे दूध आणि अंडे चालत असेल तर टाकू नका.

विद्यार्थ्यांनो, हा मुलींचा धडा म्हणून पान उलटू नका. घरातली पाण्याची घागर कोण उचलते, बहिणीच्या वाट्याचे दूध कुणाच्या पेल्यात जाते, हे तुमच्या हातात आहे.

पालकहो, बेळगुंदीच्या शिवारात भात, बटाटे, रताळी पिकतात. त्यांनी पोट भरते, पण वारेची साखळी त्यावर पुरी होत नाही. मेथी, शेपू, लाल माठ, अंबाडी, शेवग्याची पाने, मसूर, मटकी हे सगळे आपल्या बाजारात आहे. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दूध डेअरीला घालण्याआधी एक पेला घरच्या मुलीसाठी बाजूला काढा. "कमी खा, म्हणजे बाळ मोठे होऊन अडणार नाही," हा सल्ला सुनेला देऊ नका. घरची बाई सगळ्यांच्या शेवटी, उरलेसुरले खाते, ही पद्धत मोडायला पैसा लागत नाही. दिवस गेल्याची शंका आली की लगेच आशाताईंना सांगून आरोग्य केंद्रात नाव घाला. कर्नाटक सरकारने २०१७ साली अंगणवाडीत गरोदर मातांसाठी मातृपूर्णा योजनेचे जेवण सुरू केले, तिथे जाण्यात कमीपणा मानू नका.

विश्वस्त मंडळींना आमची तीन विनंत्यांची यादी. शाळेच्या कुंपणाला शेवगा आणि मोकळ्या जागेत पालेभाजीचे वाफे असावेत. वर्षातून दोनदा मुलींचे हिमोग्लोबिन तपासले जावे आणि निकाल पालकांना बोलावून सांगितले जावेत. आठवीपासून पुढच्या मुलामुलींसाठी व त्यांच्या पालकांसाठी डॉक्टर बाईंचे एक व्याख्यान व्हावे.

घरचा अभ्यास

१) एक आठवडा वहीत लिहा : घरात रात्री कोण कितव्या क्रमांकाने जेवले आणि भाजी कुणापर्यंत पोचेपर्यंत संपली?
२) तुमच्या ताटातील फोलेट आणि ब-१२ चे पदार्थ वेगवेगळ्या रकान्यांत मांडा. कोणता रकाना रिकामा राहतो?
३) आजीला विचारा : तिच्या गरोदरपणात तिला काय खायला मिळत होते आणि कोणती कामे करावी लागत होती?

वह्या वर्गात आणा. त्यांत मांडलेल्या गोष्टींवर नावे न घेता आपण चर्चा करू. वार बाळाला जी शिदोरी पोचवते, ती आपल्याच चुलीवर रांधली जाते. आजपासून वाढताना मुलीच्या ताटात एक पळी भाजी जास्त पडली, तरी आमचा हा लेख सार्थकी लागला असे आम्ही मानू.